फुलांचं कुरण कशावर जगतं?

आजचा विषय आहे रानफुलांची कुरणं: ती कशी टिकतात, कशी नाहीशी होतात, आणि नाहीशी झालेली परत आणता येतात का. सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. समजा, तुमच्या ताब्यात एकरभर मोकळी जमीन आहे आणि तिथं दरवर्षी रानफुलं फुलावीत अशी तुमची इच्छा आहे. तुम्ही काय कराल?

बहुतेक जण म्हणतील, आधी चांगली काळी माती आणू, शेणखत घालू, फुलांचं बी फेकू, भोवती कुंपण घालू, गुरं आत येऊ देणार नाही, आणि मग निसर्गाला त्याचं काम करू देऊ. उत्तर प्रेमानं दिलेलं आहे यात शंका नाही. पण यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट कुरणाच्या मुळावर येऊ शकते. असं का होतं, हे समजून घ्यायचं तर आपल्याला आधी इंग्लंडात जावं लागेल. कारण या विषयावरचा सर्वांत जुना आणि सर्वांत नेटका पुरावा तिथं आहे. शेवटी आपण साताऱ्याजवळच्या कासच्या सड्यावर परत येऊ आणि तिथं यातलं काय लागू पडतं, काय पडत नाही, ते पाहू.

कुरण म्हणजे काय?

आपल्याकडे गायरान आणि कुरण हे दोन वेगळे शब्द आहेत. गायरान म्हणजे गुरं चरायची जागा. कुरण म्हणजे गवतासाठी राखलेली जागा. इंग्लंडातही हाच फरक आहे. तिथं ‘मेडो’ म्हणजे उन्हाळ्यात गुरं बाहेर ठेवून गवत वाढू द्यायचं, ते कापायचं, वाळवायचं आणि हिवाळ्यासाठी वैरण म्हणून साठवायचं, अशी जमीन. म्हणजे हे जंगल नव्हे आणि बागही नव्हे. माणसानं आणि गुरांनी मिळून शेकडो वर्षं वापरलेली ही जमीन आहे. तिथं बी कुणी पेरलं नव्हतं. पण विळा-कोयता दरवर्षी चालत होता.

हा वापर बदलला आणि कुरणं गेली. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९३०च्या दशकापासून १९८०च्या दशकापर्यंत सखल भागातली नैसर्गिक प्रकारची सुमारे ९७ टक्के गवताळ कुरणं नष्ट झाली. बरीचशी दुसऱ्या महायुद्धात धान्यासाठी नांगरली गेली. पण उरलेल्यांचं काय झालं ते जास्त बोलकं आहे. ती नांगरली नाहीत, त्यांच्यावर इमारती आल्या नाहीत. ती ‘सुधारली’ गेली. रासायनिक खत घातलं, राय गवताचं बी टाकलं, आणि वाळलेल्या वैरणीऐवजी मुरघास करायला सुरुवात झाली. मुरघासासाठी गवत मे महिन्यातच कापतात, आणि एकदा नव्हे, हंगामात अनेकदा. त्या वेळी बहुतेक रानफुलांचं बी तयार झालेलं नसतं. लांबून पाहिलं तर शेत पूर्वीपेक्षाही हिरवंगार दिसतं. फुलं मात्र गेलेली असतात.

एका शेतावर दीडशेहून अधिक वर्षं चाललेला प्रयोग

आता पुरावा पाहू. लंडनच्या उत्तरेला हर्टफर्डशायर परगण्यात रॉथमस्टेड नावाचं कृषी संशोधन केंद्र आहे. तिथं १८५६ मध्ये जॉन बेनेट लॉज आणि जोसेफ हेन्री गिल्बर्ट या दोघांनी एका जुन्या गवताळ शेताचे तुकडे पाडले. काही तुकड्यांना काहीच खत दिलं नाही, काहींना नायट्रोजन, काहींना स्फुरद आणि पालाश, काहींना सगळं. या प्रयोगाचं नाव ‘पार्क ग्रास’. तो आजही चालू आहे.

लॉज आणि गिल्बर्ट यांना फुलांशी देणंघेणं नव्हतं. कोणत्या खतानं वैरण किती वाढते, एवढंच त्यांना मोजायचं होतं. पण दोन-तीन वर्षांतच त्यांच्या लक्षात आलं की तुकडे एकमेकांपासून इतके वेगळे दिसताहेत, जणू प्रत्येकात वेगळं बी पेरलंय. खरं तर बी कुठंच पेरलेलं नव्हतं. फक्त खत वेगळं होतं.

आज चित्र असं आहे. ज्या तुकड्यांना १८५६ पासून काहीच दिलेलं नाही, तिथं चाळीसच्या आसपास वनस्पतींच्या जाती सापडतात. ज्यांना भरपूर अमोनियम सल्फेट मिळालं आणि चुना न मिळाल्यानं ज्यांची माती आंबट झाली, तिथं दोन-तीन जाती उरल्यात. दोघांमध्ये अंतर काही मीटरचं. पाऊस तोच, ऊन तेच, कापणीही त्याच दिवशी. खत घातलेल्या तुकड्यांत वैरण नक्कीच जास्त येते, शेतकऱ्याच्या दृष्टीनं प्रयोग यशस्वी आहे. पण फुलांच्या दृष्टीनं ती उपासमार नव्हे, अतिभोजनानं झालेली हानी आहे.

या प्रयोगात आशा वाटावी असाही एक भाग आहे. काही तुकड्यांना नायट्रोजन देणं १९८९ नंतर थांबवलं गेलं. पुढची वीसेक वर्षं गवत नेहमीप्रमाणे कापून बाहेर नेलं गेलं, आणि त्या तुकड्यांत हरवलेल्या जाती हळूहळू परत आल्या. हे निष्कर्ष २०१५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आले. परत येण्यासाठी दोन गोष्टी हाताशी होत्या. दरवर्षी गवताबरोबर अन्नद्रव्य बाहेर जात होतं, आणि शेजारच्याच तुकड्यांत फुलांचं बी शिल्लक होतं. या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवा, पुढं लागणार आहेत.

सकस मातीत फुलं का हरतात?

हे थोडं विचित्र वाटतं. कुंडीतल्या झाडाला खत दिलं की ते जोमानं फुलतं, हा आपल्या सगळ्यांचा अनुभव आहे. मग कुरणात उलट का?

कुंडीत झाड एकटं असतं. कुरणात त्याला शेजारी असतात. खत घातल्यावर फुलझाडही वाढतं, पण काही उंच, दाट गवतं त्याच्यापेक्षा कितीतरी वेगानं वाढतात. ती वर जातात आणि खालच्यांचं ऊन अडवतात. माती गरीब असताना भांडण मुळांचं असतं, जमिनीखालचं. त्यात कुणालाच फार मोठं होता येत नाही, त्यामुळे बरेच जण तग धरतात. माती सकस झाली की भांडण उजेडाचं होतं, आणि उजेडाच्या भांडणात जो उंच तो सगळंच घेतो. शेफील्ड विद्यापीठाचे फिलिप ग्राइम यांनी १९७३ मध्ये हा मुद्दा मांडला. फार कठीण जागी थोड्याच जाती जगतात, फार सुपीक जागीही थोड्याच, आणि सर्वांत जास्त जाती मधल्या पट्ट्यात असतात.

दुसरा मुद्दा केंब्रिजच्या पीटर ग्रब यांनी १९७७ मध्ये पुढं आणला. मोठं झालेलं झाड कसं जगतं याचा आपण विचार करतो. पण त्याचं रोप कुठं रुजतं, याचाही विचार हवा. बारीक बियाला रुजायला मातीचा उघडा ठिपका लागतो, गुराच्या खुराच्या ठशाएवढाही पुरतो. गवताचा आणि पाचोळ्याचा जाड थर साचला की असा ठिपका उरत नाही. मग जुनी झाडं एकेक करून मरतात आणि त्यांच्या जागी नवीन येत नाहीत. कुरण काही वर्षं चांगलं दिसत राहतं, पण आतून ते म्हातारं होत असतं.

जमाखर्च

आता हे सगळं प्रत्यक्षात कसं सांभाळलं जायचं ते पाहू. विल्टशायर परगण्यात क्रिकलेड गावाजवळ थेम्स नदीच्या काठी ‘नॉर्थ मेडो’ नावाचं कुरण आहे. वसंतात तिथं फ्रिटिलरी नावाची, बुद्धिबळाच्या पटासारखी जांभळी-पांढरी चौकट असलेली फुलं येतात. ब्रिटनमधल्या या रानफुलाचा फार मोठा हिस्सा या एका कुरणात आहे.

इथं गावकीचे नियम आहेत, काही शतकांचे. वसंतापासून गवत वाढू द्यायचं. जुलैमध्ये ज्याचा त्याचा वाटा कापायचा. १२ ऑगस्टपासून १२ फेब्रुवारीपर्यंत गावाची गुरं चरायला सोडायची. मग पुन्हा बंद. नदीला पूर येतो, गाळ येतो, गाळाबरोबर अन्नद्रव्य येतं, ही झाली जमा. कापलेली वैरण बाहेर जाते, हा झाला खर्च. दोन्ही साधारण जुळतात, म्हणून माती फार श्रीमंत होत नाही. ओल्या उन्हाळ्यात जमीन चिखल झाली आणि कापणी चुकली, तर जमा वाढते आणि खर्च होत नाही. अशी दोन-तीन वर्षं लागोपाठ आली की उंच दलदली गवतं फुलांना दाबायला लागतात.

या नियमांत पर्यावरणशास्त्राचा एक शब्दही नाही. ते वैरणीचे आणि हक्कांचे नियम आहेत. पण पार्क ग्रासचं गणित आणि ग्रब यांचा उघडा ठिपका, दोन्ही त्यात बसतात. कापणीनं अन्नद्रव्य जातं, चराईनं गवत आखूड राहतं आणि खुरांनी माती उघडी होते.

गेलेलं कुरण परत कसं आणायचं?

समजा, एक शेत आहे. त्यावर तीस-चाळीस वर्षं खत पडलंय. आता मालकाला तिथं पुन्हा कुरण करायचंय. काम कोणत्या क्रमानं करतात?

पहिलं, माती तपासतात, आणि मुख्यतः स्फुरद बघतात. नायट्रोजन त्या मानानं लवकर निघून जातो, पाण्याबरोबर झिरपतो, हवेत जातो. स्फुरद मातीच्या कणांना चिकटून बसतो आणि दशकानुदशकं हलत नाही. वैरणीबरोबर तो वर्षाला हेक्टरी काही किलोच बाहेर जातो. त्यामुळे स्फुरद फार जास्त असेल तर सरळ दुसरी जागा निवडा, असा सल्ला दिला जातो. काही ठिकाणी वरची सुपीक माती चक्क खरवडून काढतात आणि खालच्या मुरमाड मातीवर पेरणी करतात. शेतकऱ्याच्या पोराला हे ऐकून धक्का बसेल, पण कुरणासाठी ती माती ओझं असते.

दुसरं, बी कुठून आणायचं. बऱ्याच कुरणफुलांचं बी मातीत फार काळ जिवंत राहत नाही. म्हणून पन्नास वर्षं नांगरलेल्या जमिनीत जुनं बी झोपलेलं असेल आणि आपोआप उगवेल, ही आशा बहुधा फोल ठरते. उत्तम उपाय म्हणजे जवळच्याच चांगल्या जुन्या कुरणात बी पिकलं की गवत कापायचं आणि ओलं असतानाच, त्याच दिवशी, नव्या जागेवर पसरायचं. बी तिथं झडतं. ते त्याच मातीला आणि हवेला सरावलेलं असतं. २०१३ मध्ये तेव्हाचे युवराज चार्ल्स यांच्या पुढाकारानं ब्रिटनमध्ये ‘कॉरोनेशन मेडोज’ हा उपक्रम सुरू झाला, तो याच तत्त्वावर: प्रत्येक परगण्यात एक जुनं कुरण दाता म्हणून निवडायचं आणि त्याच्या बियांतून शेजारी नवी कुरणं उभी करायची. म्हणजे उरलेल्या तीन टक्क्यांची किंमत केवळ त्यांच्या फुलांएवढी नाही; पुढच्या सगळ्या कुरणांचं बियाणं तिथं आहे.

तिसरं, गवताचा जोर मोडायचा. इथं एक मजेशीर वनस्पती मदतीला येते. तिचं इंग्रजी नाव ‘यलो रॅटल’, शास्त्रीय नाव ऱ्हायनान्थस मायनर. पिकलेल्या बोंडात बी खुळखुळतं म्हणून हे नाव. आपल्याकडच्या खुळखुळ्याशी तिचं नातं नाही, पण दुसऱ्या एका ओळखीच्या झाडाशी आहे. ज्वारीच्या शेतातला टारफुला आठवा. ज्वारीच्या मुळांना चिकटून तिचा रस पिणारा, शेतकऱ्याला नको नको करून सोडणारा. यलो रॅटल त्याच कुळातली. तीही गवताच्या मुळांना चिकटते आणि पाणी, अन्नद्रव्य ओढून घेते. गवत खुरटतं, मधे फटी पडतात, आणि त्या फटींत बाकीची फुलं शिरतात. शेतात जो शत्रू, तोच कुरणात सोबती.

पण तिला वापरायचं तर तिचं आयुष्य माहीत हवं. ती एकवर्षायू आहे. बी शरद ऋतूत, उघड्या मातीवर पडलं पाहिजे. त्याला हिवाळ्याची थंडी लागते, तेव्हाच ते वसंतात रुजतं. आणि ते मातीत वर्षानुवर्षं टिकत नाही. म्हणून एक-दोन वर्षं तिचं बी पिकण्याआधीच कापणी झाली, तर ती त्या शेतातून साफ जाते.

चौथं, कापणीची तारीख. यॉर्कशायरमध्ये इंगलबरोच्या राखीव क्षेत्रात ‘कोल्ट पार्क’ इथं १९९० पासून यावर मोठा प्रयोग झाला. खत द्यायचं की नाही, बी टाकायचं की नाही, चराई कोणत्या ऋतूत, आणि कापणी १४ जूनला, २१ जुलैला की १ सप्टेंबरला, अशा सगळ्या जोड्या तपासल्या. सर्वांत चांगला परिणाम कुठं आला? खत बंद, बी टाकलेलं, कापणी २१ जुलैला, आणि शरद व वसंत या दोन्ही ऋतूंत चराई. एकट्या उपायानं फारसं काही साधत नाही. बी टाकलं पण चराई नाही, तर बियाला जागा नाही. चराई आहे पण बी नाही, तर रुजायला कुणी नाही. कापणी लवकर झाली तर बी पिकत नाही. फार उशिरा झाली तर गवत आडवं पडून कुजतं आणि अन्नद्रव्य मातीतच परत जातं.

पाचवं, धीर. लोकांना पहिल्याच वर्षी रंग हवा असतो, म्हणून पॅकेटातलं खसखशीचं लाल फूल आणि निळं कॉर्नफ्लॉवर पेरतात. ती खरी तर धान्याच्या शेतातली एकवर्षायू तणं आहेत. कीटकशास्त्रज्ञ मिरियम रॉथशील्ड यांनी अशा बियांच्या मिश्रणाला ‘शेतकऱ्याचं दुःस्वप्न’ असं गमतीदार नाव दिलं होतं. त्यांना दरवर्षी नांगरट हवी. नांगरट थांबली की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ती दिसेनाशी होतात. लंडनच्या २०१२च्या ऑलिंपिक उद्यानात अशी एकवर्षायू फुलं मुद्दाम स्पर्धेच्या दिवसांत फुलतील अशा बेतानं पेरली होती, आणि ती सुंदर होती. त्यात वाईट काही नाही. पण तो फुलांचा देखावा आहे. बहुवर्षायू कुरण उभं राहायला दहा-वीस वर्षं लागतात, आणि जुन्या कुरणाच्या तोडीचं व्हायला त्याहूनही जास्त.

संरक्षणानं मेलेलं फुलपाखरू

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? जी कुरणं उरलीत त्यांना कुंपण घाला आणि हात लावू नका. याला उत्तर म्हणून एक गोष्ट सांगतो.

ब्रिटनमध्ये ‘लार्ज ब्ल्यू’ नावाचं निळं फुलपाखरू होतं. ते थाइमच्या फुलांवर अंडी घालतं. (आपल्या ओव्याला ज्या थायमॉलमुळे वास येतो, तेच थाइममध्येही असतं.) अळी तीनेक आठवड्यांनी जमिनीवर पडते, एका विशिष्ट जातीच्या लाल मुंग्या तिला आपलीच समजून वारुळात नेतात, आणि ती तिथं महिनोन्महिने मुंग्यांची पिल्लं खाऊन वाढते. विसाव्या शतकात हे फुलपाखरू झपाट्यानं कमी होत गेलं. दोष दिला गेला फुलपाखरं गोळा करणाऱ्या छंदिष्टांना. काही जागा राखीव केल्या, कुंपणं घातली, माणसं आणि गुरं बाहेर ठेवली. तिथूनही फुलपाखरू गेलंच. १९७९ मध्ये ते ब्रिटनमधून नामशेष झालं.

कारण शोधून काढलं जेरेमी थॉमस यांनी. त्या विशिष्ट मुंगीला ऊबदार माती लागते. डोंगरउतारावरचं गवत दोन-तीन सेंटीमीटरपेक्षा उंच झालं, की सावलीनं माती गार पडते आणि ती मुंगी निघून जाते. चराई घटली होती, १९५०च्या दशकात रोगानं सशांचाही खातमा झाला होता. गवत वाढलं, मुंगी गेली, फुलपाखरू उपाशी मेलं. थाइम मात्र बऱ्याच ठिकाणी तसंच फुलत होतं. हे समजल्यावर काही उतारांवर चराई पुन्हा सुरू केली, १९८३ पासून स्वीडनमधून फुलपाखरं आणून सोडली, आणि आज ती नैऋत्य इंग्लंडात पुन्हा उडताहेत. तिथं फुलपाखरांना पकडणाऱ्यांपेक्षा गुरं बाहेर ठेवणारं कुंपण महागात पडलं.

आता कासकडे

इथं आपल्याला साहजिकच कास आठवतं. साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवरचा हा सडा २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. गर्दी लोटली. गाड्या फुलांवर उभ्या राहू लागल्या. मग पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा आली, आणि सड्याला कुंपण घातलं गेलं. कुंपणानं माणसांबरोबर आसपासच्या गावांची गुरंही थांबली. काही वर्षांनी स्थानिक लोक आणि काही अभ्यासक म्हणू लागले की गवत दाटलंय आणि बुटक्या फुलांचे गालिचे विरळ झालेत. पुढं ते कुंपण काढलं गेलं.

इंग्लंडातली गोष्ट ऐकून लगेच ‘बघा, तेच झालं’ असं म्हणायचा मोह होतो. थोडं थांबू या, कारण कास हे इंग्लंडातलं कुरण नाही. जांभ्या दगडाचा तो सडा आहे. बऱ्याच ठिकाणी माती बोटभरही नाही. तिथली गरिबी विळ्यानं आणलेली नाही, ती दगडातूनच आलेली आहे. याची साक्ष तिथली फुलंच देतात. सीतेची आसवं ही निळी-जांभळी फुलं पाहायला लाखो लोक जातात. ती वनस्पती मुळाजवळच्या बारीक पिशव्यांत सूक्ष्म जीव पकडून पचवते. दवबिंदू चिकट पानांवर कीटक पकडतो. जिथं मातीत नायट्रोजन मिळत नाही, तिथंच झाडांना शिकारीचा असा उद्योग परवडतो. म्हणजे पार्क ग्रासचं तत्त्व इथं आणखी ठळकपणे दिसतं. गेंद, सीतेची आसवं, तेरडा यांच्या त्या गालिच्याला खतपाणी मिळालं, मग ते शेणाचं असो, कचऱ्याचं असो की बाहेरून आणून टाकलेल्या मातीचं, तर पहिला बळी याच फुलांचा जाईल.

पण उपाय मात्र जसेच्या तसे उचलता येणार नाहीत. इथं माती खरवडायची गोष्टच नको, आहे तीच बोटभर आहे. बाहेरून बी आणून टाकणं तर गुन्हाच ठरेल. सड्यावरच्या काही जाती जगात फार थोड्या जागी आहेत, आणि तिथं परकं बी मिसळलं तर ते परत वेचून काढता येत नाही. २१ जुलै ही तारीख इथं निरर्थक आहे. आपल्याकडे तेव्हा सडा नुकता उगवत असतो, बी पिकतं ते पाऊस ओसरल्यावर. आणि चराईचा प्रश्नही ‘हो’ किंवा ‘नाही’ असा नाही. किती गुरं, कोणत्या महिन्यात, किती दिवस, असा आहे. हिवरेबाजारसारख्या गावांनी चराईबंदी केली ती योग्यच होती, कारण तिथले डोंगर उघडे पडले होते. पण तिथंही गवत कापून नेण्याची मुभा राहिली, हे आपण विसरतो. म्हणजे तिथं गवत जनावराच्या तोंडाऐवजी विळ्यानं बाहेर गेलं.

कासवर याचं उत्तर मिळवायचं तर रॉथमस्टेडची पद्धत उचलावी, तिथले आकडे नव्हेत. सड्यावर काही लहान चौकोन आखावेत; काहींत पावसाळ्यानंतर चराई, काहींत गवतकापणी, काहींत काहीच नाही. दरवर्षी त्याच आठवड्यात, त्याच चौकोनांत जाती मोजाव्यात, आणि ही मोजणी दहा-पंधरा वर्षं न थांबता चालू ठेवावी. हे काम गावातली मुलं, महाविद्यालयं आणि वनखातं मिळून करू शकतात. जुन्या गुराख्यांना विचारावं की पूर्वी गुरं कोणत्या महिन्यात वर यायची आणि कधी खाली जायची. क्रिकलेडच्या गावकीसारखे नियम आपल्या गावांतही असतात. ते लिहून ठेवले नाहीत, एवढंच.

यात घाई का करायची, तेही सांगतो. आपल्याकडे गवताळ जमिनीला सरकारी दप्तरात बहुतेकदा ‘पडीक’ म्हणतात, आणि पडीक म्हटलं की तिथं झाडं लावायला माणसं उत्साहानं धावतात. झाडं लावणं चांगलंच, पण गवताळ माळावर खड्डे खणून, खत घालून लावलेलं झाड त्या माळाला सावली देतं, आणि सावलीत काय होतं ते आपण मघाशी पाहिलं. इंग्लंडानं ९७ टक्के कुरणं गमावल्यावर हे धडे घेतले, आणि तरी त्यांच्याकडे दाता म्हणून तीन टक्के उरली होती. सड्यावरच्या कित्येक जातींना असा दाताच दुसरीकडे नाही.

म्हणून जाता जाता, कुठल्याही फुलांच्या माळासमोर उभे राहिलात तर चार प्रश्न विचारा. इथल्या मातीत दरवर्षी काय येतं आणि काय बाहेर जातं? बी पिकायला वेळ मिळतो का? पिकलेल्या बियाला रुजायला उघडी माती मिळते का? आणि हे नाहीसं झालं, तर बी कुठून येईल? पहिल्या तीन प्रश्नांवर माळाचा कारभार ठरतो. चौथ्याचं उत्तर ‘कुठूनही नाही’ असं आलं, तर तिथं खत, माती, रोपं, कुंपण यांतलं काहीही नेण्याआधी दहा वेळा विचार करा.

इथं थांबतो.